डबा घरी ठेवा, चिमटा हातात घ्या

अलिबागजवळच्या नागावला माझ्या एका मैत्रिणीचं घर आहे. चार वर्षांपूर्वी 26 जानेवारीच्या जोडसुट्टीत आम्ही पंधरा जण तिथे जमलो होतो. अंगणात शेगडी फुलत होती, कोंबडीला मसाला लागला होता, कुणीतरी पाव कापत होतं. आणि मी पिशवीतून माझा स्टीलचा डबा काढला. उकडलेले मूग, किसलेलं गाजर, वर लिंबू. डिसेंबरातच रक्ताच्या तपासणीत साखर काठावर निघाली होती, त्यामुळे उत्साह नवा होता.

मैत्रिणीची आई वाढायला आली. डब्याकडे बघून म्हणाली, "हे काय गं? आमच्याकडचं चालत नाही का तुला?" म्हणाली हसतच, पण पुढे गेली ती त्या रात्री परत माझ्याकडे फिरकली नाही. माझं नाव 'मूगवाली' पडलं. आणि खरी शोभा पुढेच झाली: साडेअकराला भूक आवरेना, तेव्हा मी अंधारात उभ्याने चार पाव आणि गार झालेले सॉसेज खाल्ले. म्हणजे माणसंही दुखावली आणि पथ्यही मोडलं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तीन-चार तरी पार्ट्या होतात. कधी आमच्या मुलुंडच्या सोसायटीची गच्ची, कधी कर्जतचं फार्महाऊस, कधी पेणला पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. आता डबा नेत नाही. जे करते ते इथे क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या

आमच्या ग्रुपमध्ये एक जैन मित्र आहे. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्याला आजवर कुणी "एक दिवस चालतं रे" म्हटलेलं नाही. उलट त्याचं दिवस मावळायच्या आत व्हावं म्हणून आम्ही घाई करतो. दोघी जणी सोमवार पाळतात, एक जण संकष्टी. "आज माझा वार आहे" म्हटलं की विषय संपतो, कोंबडीचं ताट पुढे सरकतं. मग "माझं डाएट आहे" म्हटल्यावरच वाद का होतो?

कारण वार दुसऱ्याच्या ताटाबद्दल काहीच बोलत नाही. डाएट बोलतं. "मी हे खात नाही, फार तेलकट असतं" हे वाक्य समोर मेयोनीज लावून बसलेल्या माणसाला "तू चुकीचं खातोयस" असंच ऐकू येतं. त्याने आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम केलेलं असतं, एक रात्र मोकळी मिळालेली असते, आणि आपण तिथे तपासणीचा रिपोर्ट उघडून बसतो. म्हणून खोटा वार सांगू नका (पुढच्या सोमवारी मासे खाताना पकडले जाल, मी गेले आहे), पण वार पाळणाऱ्यांकडून त्यांची शांतता घ्या. ते कारण देत नाहीत, इतरांना सुधारायला जात नाहीत आणि आपलं मजेत खातात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावरच उभ्या आहेत.

पायरी 1: ग्रुपवर पथ्य जाहीर करू नका, काम मागा

बेत ठरला की व्हॉट्सअॅपवर यादी सुरू होते. कोंबडी कोण, कोळसा कोण, बर्फ कोण. इथे पहिल्या तासाभरातच हात वर करा. माझा मेसेज साधारण असा असतो: "वांगी, कणसं, रताळी आणि हिरवी चटणी माझ्याकडे. शेगडीवर मी उभी राहते." बस. त्यात 'हेल्दी' हा शब्द नाही. तो शब्द आला की पदार्थ औषध होतो आणि कुणी हात लावत नाही.

भाजीवाला विभाग कुणालाच नको असतो, सगळ्यांना कोंबडी आणि बर्फ हवा असतो. त्यामुळे हे काम विनासायास मिळतं. आणि एकदा ते मिळालं की जेवणाचा निम्मा भाग तुमच्या मनासारखा.

घरच्या यजमानांना मात्र वेगळा फोन करा, ग्रुपवर नको. विशेषतः तब्येतीचं खरं कारण असेल तर. "काकू, मला जरा साखर सांभाळायला सांगितलंय, तुम्ही वेगळं काही करू नका, मी भाजलेलं खूप खाणार आहे," एवढं आधी सांगितलं की वाढताना त्यांचा अपमान होत नाही. मी नागावला हेच केलं नव्हतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आणखी एक प्रश्न विचाराच: जेवण नक्की किती वाजता? मुंबईकरांच्या पार्टीत "आठला जेवू" याचा अर्थ साडेदहा. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि रिकाम्या पोटी दारू घेतली तर धोका वाढतो. डोस कसा घ्यायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा आणि ग्रुपमधल्या एकाला तरी माहीत असू द्या.

पायरी 2: उपाशी जाऊ नका

"रात्री खायचंच आहे" म्हणून दुपारचं जेवण टाळणं हा सगळ्यात मोठा घात. पाचला घरून निघताना दोन अंडी, किंवा मूठभर फुटाणे आणि एक पेरू, किंवा वाटीभर उसळ. पुरे. शेगडी पेटून पहिला तुकडा हातात यायला दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात टेबलावर फक्त वेफर्स असतात. भुकेला माणूस आणि वेफर्सचं पाकीट यांच्यात कोण जिंकतं ते सांगायला नको.

पायरी 3: सगळ्यांना पुरेल इतकं न्या

एकट्यापुरतं नेलं तर तो डबा. पंधरा जणांना पुरेल इतकं नेलं तर तो पदार्थ. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

माझा हुकमी पदार्थ वांगं. हे हसण्यावारी नेऊ नका. कोळशावर भाजलेल्या वांग्याचं भरीत हे आपल्या घराघरात ठाऊक असलेलं खाणं, फक्त शहरात गॅसवर जाळी ठेवून करून करून त्याची खरी चव विसरलोय. भरताची मोठी, हाताला हलकी लागणारी वांगी घ्या. हलकं वांगं म्हणजे बिया कमी. पंधरा जणांना दोन किलो लागतात. सुरीने दोन-तीन चिरा द्या, एकेका चिरेत लसणाची पाकळी खुपसा, तेलाचं बोट फिरवा आणि जाळीवर नको, थेट निखाऱ्याच्या कडेला ठेवा. दर पाच मिनिटांनी वळवायचं. वीस-पंचवीस मिनिटांत साल काळं पडून सुटतं, देठाजवळ दाबलं की बोट आत जातं, चिरेतून रस फसफसतो. ताटात काढून वर पातेलं पालथं घाला. दहा मिनिटांनी साल आपोआप निघतं. काळे कण काढून टाका, गर चमच्याने मोडा, त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि खाताना घट्ट दही. जैन मित्राच्या पार्टीत कांदा-लसूण वगळा, आणि वांगंही चालतं का ते आधी विचारा. बरेच जण तेही खात नाहीत.

आमच्याकडे हे भरीत कोंबडीच्या आधी संपतं. मी बढाई मारत नाही, त्याला कारण आहे: वांगं तयार होतं तेव्हा कोंबडी अजून कच्ची असते आणि सगळे भुकेले असतात. पहिला पदार्थ जो येतो तो जास्त खाल्ला जातो. म्हणून भाज्या आधी जाळीवर चढवा, मांस नंतर. ही युक्ती कुणाला सांगायची गरज नाही.

बाकी न्यायला सोपं काय? मक्याची कणसं. वर लोणी-चीज नको, लिंबू, तिखट, मीठ. जुहूच्या वाळूत वर्षानुवर्षं हेच चाललंय. रताळी, सालासकट, निखाऱ्यात पुरून ठेवलेली. सिमला मिरची, कांदा, पनीर. जैन मंडळींसाठी कच्ची केळी: सालासकट भाजून, सोलून, जिरेपूड आणि लिंबू. रताळं कंद असल्याने त्यांना चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. दादरच्या भाजी मंडईत नाहीतर वसईवाल्या भाजीवाल्यांकडे सकाळी गेलात तर हे सगळं एका फेरीत होतं.

मासे खाणाऱ्यांसाठी माझं मत बांगडा. पार्टी म्हटली की लोक पापलेटवर पैसे उधळतात, पण निखाऱ्यावर तेलकट मासाच चांगला लागतो, कोरडा पडत नाही. आणि बांगड्याचं हे तेल अंगाला चांगलं. दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ, कोकमाचं आगळ. अर्धा तास मुरवून केळीच्या पानात गुंडाळा, सुतळी ओली करून बांधा. मध्यम आचेवर एकेका बाजूला सहा-सात मिनिटं. पान काळं होतं, मासा आत वाफेवर शिजतो, करपत नाही. पान उघडताना जो वास सुटतो त्यावर मूगवालीचं नाव पुसलं गेलं.

कोंबडी दुसरा कुणी आणत असेल तर मुरवणाची जबाबदारी तरी घ्या. तयार मसाल्याच्या पाकिटात मीठ भरपूर असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत मीठ हवं, म्हणजे सपाट चहाचा चमचा. एक किलो कोंबडीला वाटीभर घट्ट दही, दोन मोठे चमचे आलं-लसूण, काश्मिरी मिरची, हळद, धनेपूड, एक लिंबू आणि चमचाभर मीठ. रात्रभर फ्रीजमध्ये. अजिनोमोटो नको, रंग नको, कुणाला काही कमी वाटत नाही.

आणि मेयोनीज. हे थांबवता येत नाही, कुणीतरी आणतोच. मेयोनीज म्हणजे मुख्यतः तेल, आणि टोमॅटो सॉसमध्ये साखर बरीच. भांडू नका. त्यांच्या शेजारी तुमची वाटी ठेवा: दही रात्रभर फडक्यात टांगून केलेला चक्का, त्यात किसलेली लसूण, पुदिना, थोडी मिरची, मीठ. अर्धा किलो दह्याचा वाडगाभर होतो. मी त्याला काही नाव देत नाही. विचारलं तर "चटणी आहे" म्हणते.

पायरी 4: चिमटा हातात घ्या

शेगडीवर उभा असलेल्या माणसाला कुणी आग्रह करत नाही. तोच सगळ्यांना वाढत असतो, त्याच्या ताटात काय आहे हे कुणी बघत नाही, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांना कृतज्ञता वाटते. नीट खाऊ पाहणाऱ्यासाठी पार्टीत याहून चांगली जागा नाही. धूर डोळ्यात जातो, तेवढं सोसायचं.

कोळसा पेटल्यावर लगेच काही ठेवायचं नाही. ज्वाळा गेल्या पाहिजेत, निखाऱ्यावर पांढरट राख चढली पाहिजे. याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि याच वेळी मागून "टाक ना आता" असं ओरडणारे असतात. टाकायचं नाही. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो आणि ज्वाळेत मांस करपतं, त्यात कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली रसायनं तयार होतात. उपाय साधे आहेत: चरबी आणि कातडी आधीच काढा, आच मध्यम ठेवा, सारखं परतत राहा, मुरवलेलं मांस वापरा आणि काळा पडलेला भाग कापून टाका. "करपलेलंच मस्त लागतं" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. त्याला कांद्याची करपलेली कड द्या.

सॉसेज आणि सलामीबद्दल माझं मत कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं. एका रात्रीच्या दोन तुकड्यांनी आभाळ कोसळत नाही, पण पैसे घालून मी ते आणत नाही. दुसऱ्याने आणलं तर भाजून देते, तोंड वाकडं न करता.

आता स्वच्छता. इथे मात्र मी गप्प बसत नाही, कारण पार्टीनंतर पंधरा जणांचं पोट बिघडलं तर सगळ्यांचाच सोमवार जातो. कच्च्या कोंबडीचं ताट आणि शिजलेल्याचं ताट वेगळं. चिमटेही दोन. कच्ची कोंबडी ज्यात मुरवली तो मसाला नंतर वरून ओतायचा नाही. तंगडी हाडाजवळ चिरून बघायची, गुलाबी दिसली तर परत जाळीवर. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत 74 अंश सेल्सिअस. मुंबईच्या हवेत, जानेवारी असला तरी, मांस आणि दही दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका. बर्फाचा डबा बिअरसाठी आणलेलाच असतो, त्यात कोंबडीसाठी जागा मागून घ्या. शाकाहाऱ्यांची जाळी, चिमटा, ब्रश सगळं वेगळं, आणि त्यांचं आधी भाजायचं. यावर तडजोड नाही. मैत्री तुटायची असेल तर ती मेयोनीजवरून नाही, यावरून तुटते.

गच्चीवर करणार असाल तर सोसायटीची परवानगी घ्या, पाण्याची बादली जवळ ठेवा. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हापासून आमच्या सेक्रेटरींना कोळशाचा धूर दिसला की तो आदेश आठवतो. आम्ही आता गच्चीवर विजेची जाळी लावतो. चव थोडी कमी, भांडणं बरीच कमी.

पायरी 5: शक्य असेल तर पोपटीचा बेत सुचवा

मित्रांना पथ्याचं खायला घालायचं आणि त्यांनी त्याचे फोटो काढून मिरवायचं, असा चमत्कार बघायचा असेल तर रायगडची पोपटी. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि तरी सगळे बोटं चाटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी वालाच्या शेंगा कोवळ्या असतात तेवढाच हंगाम. पेण, रोहा, अलिबागकडे कुणाचं शेत असेल तर तिकडेच जा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घेतली की तासाभरात पलीकडे.

लागतं काय: मातीचं मडकं (धारावीच्या कुंभारवाड्यात मिळतं), ओल्या वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, ओवा, जाडं मीठ. भांबुर्डा हे शेताच्या बांधावर उगवणारं वासाचं रोप. ते ओळखणारा माणूस बरोबर हवा. भलताच पाला तोडून घालू नका. मिळालाच नाही तर केळीची पानं आणि कुंडीतला पानओवा. ती पोपटी नव्हे असं पेणचा मित्र म्हणतो, पण पोट भरतं.

शेंगा धुऊन निथळा. मडक्याच्या तळाला पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, वर ओवा-मीठ भुरभुरायचं. मग बटाटे, रताळी, सालीसकट अंडी. कोंबडीचे मुरवलेले तुकडे केळीच्या पानात बांधून मधोमध. परत शेंगा, परत ओवा-मीठ. तोंडाशी पाला असा दाबून बसवायचा की मडकं उलटं केलं तरी शेंग खाली पडता कामा नये. आणि मडकं उलटंच करायचं असतं: जमिनीवर पालथं ठेवून भोवती आणि वर पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं.

अर्धा ते पाऊण तास. पहिल्यांदा मी दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होते. मित्राच्या आजोबांनी शेवटी हातावर पाणी घेऊन मडक्यावर शिंपडलं. चर्र करून क्षणात उडालं, आणि ते म्हणाले, "आता काढा." जाळ बाजूला सारला, पोतं ओलं करून मडकं धरलं आणि केळीच्या पानांवर उपडं केलं. शेंगांचा हिरवा रंग पिवळट झालेला, ओव्याचा वास, बटाट्याची साल चिमटीत सुटणारी. अर्धा तास कुणी बोललं नाही. शेंगा सोलायला वेळ लागतो, म्हणून आपण सावकाश खातो, आणि सावकाश खाल्लं की कमी लागतं. वर्तमानपत्रावर ओतू नका. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध सांगितलेलं आहे, आणि कोकणात केळीच्या पानांना काय तोटा?

कोंबडीला मात्र हाडाजवळची परीक्षा इथेही लावा. मडक्याच्या मधल्या पुडीला आच कमी लागते. कच्ची निघाली तर शेगडीवर पुरी करा. आणि हे गच्चीवर करू नका, मोकळ्या जमिनीचा खेळ आहे.

पायरी 6: ताट

पहिल्या ताटात निम्मी जागा भाज्यांना आणि कोशिंबिरीला, पाव भाग कोंबडी-मासा-पनीर, उरलेला पाव भाग शेंगा, रताळं किंवा कणीस. पाव किंवा बिर्याणी दुसऱ्या ताटात, भूक असेल तर. ताट भरलेलं ठेवा. रिकामं ताट दिसलं की आपल्याकडे माणसं बेचैन होतात.

पायरी 7: आग्रह

इथे सगळ्यांचं घसरतं. आग्रह करणाऱ्याप्रमाणे उत्तर बदला.

मित्र: "एवढंच? तू तर चिमणी झालीस." यावर खुलासा देऊ नका. "अरे, तिसरं ताट आहे माझं, तू आत्ता आलास." हसायचं, पुढे जायचं. कारण सांगितलं की वाद घालायला धागा मिळतो; पथ्याचं शास्त्र रात्री अकराला, दोन बिअर झालेल्या माणसाला समजावायचं नसतं.

मैत्रिणीची आई: इथे नकार द्यायचाच नाही. त्यांनी केलेला पदार्थ एक चमचा घ्या, त्यांच्यासमोर खा आणि त्याबद्दल नेमकं काही विचारा. "काकू, कोळंबीत कैरी आहे का आमसूल?" त्यांना तुमच्या पोटात किती गेलं याच्याशी कमी देणंघेणं असतं, त्यांचा हात ओळखला गेला का याच्याशी जास्त. नागावला मी दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीत लसूण भाजून घातलीय का ते विचारलं. त्या मला हात धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कच्च्या आणि भाजक्या लसणीच्या दोन्ही चटण्या चाखवल्या. डबा विसरला गेला असं मला वाटत होतं. निघताना म्हणाल्या, "मूग आणले नाहीस ना यंदा?"

काका मंडळी: "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही सगळं खाल्लं." बरोबर आहे काका. तुम्ही चालत शाळेत गेलात. हे मनात म्हणायचं.

आणि कुणी मुद्दाम ताटात गुलाबजाम टाकलाच तर? अर्धा खा, अर्धा शेजारच्याला द्या. गुलाबजाम शेजाऱ्याला नको असतो असं अजून झालेलं नाही.

पायरी 8: पिणं

300 मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. बिनसाखरेचं कोकम, जिरं घातलेलं ताक, सोलकढी किंवा साधा सोडा आणि लिंबू. हातात पेला सतत भरलेला असू द्या. त्यात काय आहे हे अंधारात कुणाला दिसत नाही. पिणाऱ्यांनी एका पेल्यामागे एक पेला पाणी आणि पोटात आधी काहीतरी. गाडी चालवणाऱ्याने शून्य. यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

पायरी 9: दुसरी सकाळ

रात्री बाजी मारलेले लोक सकाळी हरतात. उरलेले पाव, उरलेला केक, गार बिर्याणी. रात्रभर बाहेर राहिलेली कोंबडी आणि बिर्याणी फेकून द्या, जीव कितीही तुटला तरी. निखाऱ्यात विसरलेली रताळी मात्र शोधा. राख झटकली की आत मऊ, मधासारखी असतात.

गेल्या जानेवारीत आम्ही ती पाच रताळी कागदी पिशवीत घालून मांडव्याला बोटीवर चढलो. माझ्या डाव्या बाजूला तोच मित्र बसला होता ज्याने मला मूगवाली म्हणायला सुरुवात केली. त्याने दोन खाल्ली, सालीसकट, आणि तिसऱ्याला हात घातला. मी म्हटलं, "ते माझं आहे." तो म्हणाला, "तुझं डाएट आहे ना?"